खानापूरच्या कीमन मामांस

मामा, सा. न.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळतोय. ओळखणारे ओळखतीलच.

परसातल्या छोट्या, मॉडेल रेल्वेचे रूळ घरीच करणार म्हटल्यावर आमच्या घरच्यांनी कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत विचारलंत, "गेज किती?" म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. ४५ मिलिमीटर, डबे १:२२.५ प्रमाणात. "म्हणजे आपली जुनी मीटर गेजच की रे!" ४५ गुणिले साडेबावीस म्हणजे जवळपास मीटरच; तोंडी हिशेब होता, पण बरोबर. मिरज-लोंढा मार्ग ब्रॉडगेज व्हायच्या आधी कीमन म्हणून रूळ तपासत, हातोडा घेऊन रोज चाललात ती लाइन तुम्हाला माझ्या फणसाखाली दिसली. माझ्या खेळाला त्यानंतर तुम्ही कधी खेळ म्हणाला नाहीत.

रुळांखालचे आडवे स्लीपर सागवानाच्या तुकड्यांचे, रूळ म्हणून १० बाय ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियम पट्टी उभी, खाचेत बसवलेली. इंजिन बॅटरीवर, म्हणून रुळांतून वीज न्यायची कटकट नाही. खाचा एकसारख्या पडाव्यात म्हणून उद्यमबागेतून साचा करून आणला. इथवर जमलं. अडलं ते गोलाईशी. मधोमध फणस, खुंटी-दोरीने वर्तुळ मारणार कसं?

तुम्ही खिशातून सुतळी काढलीत. बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला ६० सेंटिमीटर ताणायची, बरोबर मध्यावर सुतळी ते रूळ अंतर मोजायचं. ३ सेंटिमीटर भरलं की त्रिज्या दीड मीटर. मग सुतळी अर्धी पुढे सरकवून पुन्हा माप. "आकडा उडाला तिथं गाडी उतरणार," एवढंच बोललात. फणसाला कुणी हात लावला नाही, हे आमच्या आईच्या लेखी सगळ्यात मोठं काम.

पट्ट्यांच्या जोडात हॅक्सॉची दोन पाती धरून फट ठेवायला लावलीत तेही बरं झालं. मीटरभर ॲल्युमिनियम ३० अंश तापलं तर सुमारे ०.७ मिलिमीटर वाढतं. चैत्राच्या उन्हात पट्टी कुठं फुगली नाही. आणि कच स्लीपरखाली ठासायला केलेला तो वीतभर बीटर! बेळगावच्या पावसाला तोच पुरला.

पैशाचं नाव काढू देत नाही, म्हणून हे जाहीर आभार. आता पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचा सांधा, करायला घेतलाय; त्याची जीभ, म्हणजे सरकणारी निमुळती पट्टी, घासून ठेवलीय. गणपती झाले की या, मामींनाही आणा.

तुमचा,
अनगोळचा भाचा