सही करण्याआधी कागद वाचू द्या

मा. संपादक,
स. न.

नोकरीविषयक सदरात परवा एका वाचकाने विचारलं होतं, मालक पॅरामेडिकचं, म्हणजे रुग्णवाहिकेत तातडीचे उपचार करणाऱ्याचं, प्रशिक्षण देऊ करतोय, घ्यावं का? आपल्या सल्लागारांनी चार ओळींत विषय मिटवला: पैसे संस्था भरतेय, तर विचार कसला करता, डोळे झाकून हो म्हणा. काल ड्यूटीवर गेले तर ते कात्रण आमच्या सूचना फलकावर टाचलेलं. दुपारपर्यंत आमच्यातल्या दोघींनी अशाच प्रशिक्षणाच्या करारावर सह्याही केल्या. एकीला विचारलं, कागद वाचलास का? म्हणाली, “पेपरातच आलंय की, घ्या म्हणून.” तेव्हा हे पत्र लिहायला बसले.

मी सात वर्षं रुग्णवाहिकेवर सहायक आहे. तोच कागद माझ्याही पुढ्यात आहे आणि शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तीनदा वाचला मी तो. प्रशिक्षणानंतर तीन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर सगळा खर्च परत करायचा. इथवर माझं काही म्हणणं नाही. ज्याने पैसा घातला त्याला माणूस टिकायला हवाच. पण तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात सोडली तरी पूर्ण रक्कम? मग आधीच्या ३५ महिन्यांच्या कामाचं काय? दर वर्षी ती रक्कम एक तृतीयांशाने उतरायला हवी. पुढचं कलम त्याहून वाईट आहे: परीक्षेत नापास झालात तरी खर्च तुमचाच. वर्ग सुट्टीच्या दिवशी आणि त्या तासांचा पगार नाही. मूळ प्रमाणपत्र तीन वर्षं ऑफिसच्या कपाटात राहणार. आणि पास झाल्यावर पद कोणतं, पगार किती, याबद्दल एक अक्षर नाही. हे विचारलं तर उत्तर मिळालं, “बाकी कुणाला शंका नाहीत, तुम्हालाच कशा येतात?”

सल्लागारांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या फ्रीडम हाउस या रुग्णवाहिका सेवेचा दाखला दिलाय. १९६७ साली तिथल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना डॉ. पीटर साफर यांच्या देखरेखीखाली सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण मिळालं आणि त्यांनी आजच्या पॅरामेडिक सेवेची वाट घालून दिली, हे खरं आहे. पण १९७५ साली शहराने ती सेवा आपल्या हाती घेतली आणि त्या मुरलेल्या माणसांपैकी बहुतेकांना पुढे बाहेर पडावं लागलं, हेही सांगायला हवं होतं. अर्धी गोष्ट सांगून लोकांना सह्या करायला लावू नका.

मग सरळ नाही म्हण, असं घरचे म्हणतात. तिथेच माझा जीव अडकतो.

गेल्या वर्षी एका रात्री कॉल आला. साठीच्या बाई, मधुमेही, जमिनीवर बेशुद्ध पडलेल्या, कपडे घामाने चिंब. ग्लुकोमीटरवर आकडा आला ३१, म्हणजे रक्तातली साखर फारच खाली गेलेली. त्यांचा मुलगा साखरेच्या पाण्याची वाटी घेऊन उभा होता, “पाजू का?” मी त्याचा हात धरला, कारण बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. त्यांना शिरेतून ग्लुकोज हवं होतं. मनगटावरची शीर मला दिसत होती, पण माझ्या शिक्षणात सुई लावायची परवानगी नाही. कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, गाडीत घेतलं आणि वीसेक मिनिटं श्वास मोजत बसले. मुलगा सारखा विचारत होता, “ताई, तुम्ही काही करत का नाही?” हॉस्पिटलात सिस्टरने सलाईनची सुई लावली, पंचवीस टक्के ग्लुकोज सोडलं आणि काही मिनिटांत बाईंनी डोळे उघडून मुलाला नावाने हाक मारली.

मला ते शिकायचंय. फार मनापासून शिकायचंय. त्या मुलाच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

म्हणून मी नकार दिलेला नाही. रक्कम वर्षागणिक उतरावी, नापास होणाऱ्याकडून वसुली नको, प्रमाणपत्र ज्याचं त्याच्याकडे राहावं आणि पुढचं पद लेखी मिळावं, असा अर्ज आज सकाळी दिला. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या तरी मी सही करेन. सुट्ट्या गेल्या तर जाऊ देत. सह्या करून बसलेल्या त्या दोघींना मात्र कराराची प्रतसुद्धा मिळालेली नाही. सल्लागारांनी पुढच्या सदरात निदान एवढं लिहावं, की कागद आधी घरी न्या, दोन दिवस ठेवा, जाणत्या माणसाला दाखवा.

आणखी एक. सल्लागारांच्या त्या मजकुराशेजारी, हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देण्याचा जो फोटो छापलाय तो साफ चुकीचा आहे. रुग्ण मऊ गादीवर आणि दाबणाऱ्याची कोपरं वाकलेली. असा दाब गादीतच जिरतो. रुग्ण कडक जागेवर हवा, हात कोपरात सरळ, छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा. लोक फोटो बघून शिकतात. कृपया उद्याच बरोबर फोटो छापा, पहिला होता तेवढाच मोठा.

आपली,
एक रुग्णवाहिका सहायक
(नाव छापू नये, ही विनंती)