वेल्किन गेलं, पण आभाळ अजून आहे

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी शब्दांवरचा लेख वाचला, मोठ्या आवाजाचे आणि ढगाळ हवेचे शब्द, टोनिट्रूअस, नुबिलस वगैरे. मजा आली, पण खरं सांगू का, यातले बरेचसे लॅटिनमधून उचललेले पंडिती शब्द आहेत, इंग्लंडातल्या शेतकऱ्याच्या तोंडी ते कधी असतील असं मला तरी वाटत नाही. त्यांचा अस्सल घरचा शब्द लेखात राहूनच गेला, तो म्हणजे वेल्किन. जुन्या इंग्रजीत वोल्कन म्हणजे ढग (जर्मन माणूस आजही ढगाला वोल्के म्हणतो), पुढे त्याचाच अर्थ आकाश झाला आणि मग कुठे प्रचंड आवाज झाला की लोक म्हणायला लागले वेल्किन दणाणलं, आपण आसमंत दणाणून सोडला म्हणतो ना तसंच. म्हणजे लेखाचे दोन्ही विषय एकाच शब्दात! वांद्र्याला, वसईला नाताळात हार्क द हेराल्ड एंजल्स सिंग हे गाणं म्हणतात, त्याची इंग्रज भजनकार चार्ल्स वेस्लीने १७३९ मध्ये लिहिलेली पहिली ओळ वेल्किन दणाणण्याचीच होती, १७५३ मध्ये जॉर्ज व्हाइटफील्ड या धर्मोपदेशकाने ती बदलून देवदूत आणले. बरंच केलं म्हणा, नाहीतर आज तो शब्द गाणाऱ्यांना तरी कळला असता का.

स्कायचंही तेच. हा शब्द इंग्रजीत नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन लोकांकडून आला आणि आधी त्याचा अर्थ ढगच होता, चौसर या इंग्रज कवीने १४व्या शतकात तो त्याच अर्थाने वापरलाय. (आणि क्लाउड म्हणजे मुळात काय तर खडक, टेकडी!) तिथली हवा बघता ढगाचं नाव आकाशाला चिकटलं याचं मला नवल वाटत नाही. पण आपलंही तसंच झालंय हे लेखात यायला हवं होतं. संस्कृतात अभ्र म्हणजे ढग, त्यावरून आपलं आभाळ, आणि आपण ते आकाशालाही वापरतो आणि ढगांनाही. आमच्या बिल्डिंगमध्ये आजही जूनमध्ये वरच्या गॅलरीतून हाक येते, 'अहो वहिनी, आभाळ आलंय, कपडे काढून घ्या', आता आकाश कुठून येणार, ते तर तिथेच असतं, येतात ते ढग, पण वहिनींना बरोबर कळतं आणि चिमटे पटापट निघतात.

आता माझी तक्रार. एवढी भाषा हाताशी असताना तुमच्या हवामानाच्या चौकटीत जून ते सप्टेंबर रोज तेच, 'आकाश सर्वसाधारणपणे ढगाळ राहील'. हवामान खातं तरी ढग आठ भागांत मोजतं, ऑक्टा म्हणतात त्याला, आकाशाचे किती अष्टमांश झाकलेत ते. तुम्ही सगळ्याला एकच ढगाळ लावता. अहो मळभ वेगळं, त्यात ऊन नाही, पाऊसही नाही, वारा पडलेला आणि दादरच्या पुलावर चढेपर्यंत शर्ट पाठीला चिकटतो. झाकोळून येणं वेगळं, त्यात दुपारी तीनला ऑफिसात ट्यूबलाइट लावावी लागते. आणि आभाळ भरून आलं म्हटलं की माणूस छत्री शोधतो. हे तिन्ही शब्द घरोघरी चालू आहेत, कुठल्या जुन्या पोथीतून काढायचे नाहीत.

आवाजाचं तर विचारूच नका. गडगडाट आणि कडकडाट तुम्ही मनाला येईल तसे छापता, पण दोन्हीत फरक आहे आणि तो कानाने कळतो. वीज जवळ पडली तर आवाज एकदम, कोरडा, कानठळ्या बसवणारा येतो, तो कडकडाट. लांब पडली तर काही किलोमीटर पसरलेल्या त्या विजेच्या वेगवेगळ्या भागांचा आवाज मागेपुढे पोचतो, वाटेत त्यातला तीव्र सूर विरतो आणि आपल्याला ऐकू येतो तो घरंगळत जाणारा गडगडाट. चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ ने भागा, साधारण तितके किलोमीटर. इंग्रजीतही जवळच्याला क्लॅप आणि लांबच्याला रंबल असे वेगळे शब्द आहेत, आणि तिथले लोक ते अजून वापरतात.

मुंबईत तर अजून एक गंमत आहे, भर जुलैत पाऊस तासन् तास कोसळतो पण विजा क्वचितच, त्यांचा जोर मे संपताना, जूनच्या सुरुवातीला आणि मग परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये. तरी तुमच्या बातम्यांत जुलैमध्येही जोरदार पाऊस म्हटलं की 'विजांच्या कडकडाटासह' ठरलेलंच, बहुतेक मागच्याच बातमीतून उचललेलं असावं. निदान तेवढं तरी थांबवा, आणि एखाद्या दिवशी चौकटीत सरळ 'दिवसभर मळभ, पावसाची शक्यता कमी' असं छापून बघा, कोणी अर्थ विचारायला फोन करणार नाही.

आपला नेहमीचा वाचक,
परळ, मुंबई