ताईंच्या शोकसभेला मदत करणाऱ्या सगळ्यांना थँक्यू

रविवारी पुण्यात दांडेकर पुलाजवळ आमच्या शाळेच्या सोशल वर्कर ताईंची शोकसभा झाली, त्यात ज्यांनी मदत केली त्यातल्या कितीतरी जणांची नावंही माहिती नाहीत म्हणून इथे लिहितेय. ऐनवेळी पाऊस आला तर मंडळाच्या पोरांनी कुणी न सांगता ताडपत्री बांधली, मंडईतल्या एका मावशींनी झेंडूचे पैसे घेतलेच नाहीत, म्हणाल्या माझ्या नातीचा आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी राखीव २५ टक्के जागांचा) फॉर्म ताईंनीच भरून दिला होता. तशाच होत्या हो त्या. पोरगं दोन दिवस शाळेत दिसलं नाही की जनता वसाहतीचा चढ चढून थेट त्याच्या घरी, तिथे आधी चहा, मग आईची तब्येत, कामधंदा सगळं विचारून होणार आणि शाळेचा विषय सगळ्यात शेवटी. पिशवीत कायम उत्पन्नाच्या दाखल्याच्या झेरॉक्स नि राजगिऱ्याच्या वड्या. आरटीईचा कायदा २००९ चा, पण वस्तीतल्या कितीतरी घरांना तो ताईंमुळेच कळला. आणि ते रिक्षावाले दादा, ज्यांनी ताईंच्या आईंना स्वारगेटवरून आणलं, सभा संपेपर्यंत थांबले, परत सोडलं आणि एक रुपया घेतला नाही, दादा हे वाचत असाल तर मनापासून आभार, आई अजून तुमची चौकशी करतात.