सुपरवायझरला कोण शिकवणार?

महोदय,

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्यात मालक म्हणतात, ‘हल्लीची पोरे टिकत नाहीत.’ तीच पोरे चहाच्या टपरीवर म्हणतात, ‘जुने लोक काही सांगतच नाहीत.’ दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांवर ‘पिढ्यांमधील अंतर’ असा शिक्का मारायचा, बाहेरचा वक्ता बोलावून एक दिवसाचे शिबिर घ्यायचे आणि समोशाबरोबर विषय संपवायचा, ही पद्धत आता पुरे. या दोघांच्या मध्ये उभा असतो तो सुपरवायझर. तो एक तर लाइनवरचा सगळ्यात हुशार सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर) असतो, नाही तर पन्नाशीच्या कामगारांवर नेमलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा डिप्लोमावाला. माणसांना काम कसे शिकवायचे, चूक कशी दाखवायची, हे दोघांपैकी कोणालाही शिकवलेले नसते.

सीएनसी टर्निंगवरचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवरचे, एक रोजचे उदाहरण घ्या. मशीनमधून निघालेला ५० मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा जॉब (घडवलेला भाग) भोवतालापेक्षा २० अंश सेल्सिअसने गरम असेल, तर व्यास सुमारे ०.०११ मिलिमीटर जास्त भरतो. टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) ०.०१ मिलिमीटरचा असेल तर एवढ्यात खेळ खल्लास. नवा ऑपरेटर जॉब काढल्या काढल्या मायक्रोमीटर लावतो, माप जास्त दिसते, म्हणून वेअर ऑफसेट, म्हणजे टूलच्या झिजेसाठी मशीनमध्ये भरायचा दुरुस्तीचा आकडा, कमी करतो. पुढचे जॉब थंड झाल्यावर अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान, निघतात. ओव्हरसाइज जॉबवर पुन्हा कट घेता येतो, अंडरसाइज थेट भंगारात. जुन्या सेटरला हे पक्के ठाऊक असते. तो जॉब पुसून सरफेस प्लेटवर ठेवतो आणि ‘थंड होऊ दे’ एवढेच म्हणतो. का, ते सांगत नाही. त्यालाही कधी कोणी सांगितलेले नसते. डोक्यावर टार्गेट असलेल्या पोराला वाटते, काका वेळ काढताहेत. रिजेक्शन आले की काका म्हणतात, या पोरांना ऐकायलाच नको. इथे वयाचा संबंध किती आणि न सांगितलेल्या एका कारणाचा किती?

यावरचा उपाय ऐंशी वर्षांपूर्वीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले अनुभवी कामगार सैन्यात गेले, कारखान्यांत नवखी माणसे भरली, तेव्हा सरकारने ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम काढला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटाने १९५०च्या दशकात उचलला. काम शिकवण्याचा त्यातला अभ्यासक्रम एकूण १० तासांचा : रोज २ तास, ५ दिवस, गटात १० जण, आणि प्रत्येकाने आपल्या खात्यातले एक काम सगळ्यांसमोर शिकवून दाखवायचे. पायऱ्या चार. शिकणाऱ्याची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. आपल्याकडे गाडी अडते ती तिसऱ्या पायरीवर. ‘समजलं?’ ‘हो.’ संपले प्रशिक्षण! खरे तर शिकणाऱ्याने काम करता करता टप्पे, त्यातली मेख (जिथे काम साधते किंवा बिघडते ती गोष्ट) आणि तिचे कारण स्वतःच्या तोंडाने सांगायला हवे. ‘थंड का करायचा?’ याचे उत्तर आले नाही तर त्याला मशीनवर एकटा सोडू नये. चौथी पायरी म्हणजे पहिल्या तासाला दोनदा, जेवणाच्या सुट्टीआधी एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा जाऊन पाहणे, आणि मग हळूहळू हात काढून घेणे.

त्यासाठी लागतो एक कागद, तीन रकाने : टप्पा, मेख, कारण. हा कागद ऑफिसातल्या इंजिनिअरने लिहिला की इंग्रजीत होतो, लॅमिनेट होतो आणि मशीनवर धूळ खातो. जुन्या सेटरने बोलायचे आणि नव्या पोराने मराठीत किंवा हिंदीत लिहायचे, मोबाइलवर एका कृतीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, असे ठेवले तर दोघांनाही आपापले कसब दाखवायला मिळते. डाउनटाइमची (मशीन बंद राहिल्याच्या वेळेची) टॅबवरची नोंद काकांना तोच पोरगा शिकवू शकतो. फक्त ते सगळ्यांदेखत नको.

जुनी माणसे शिकवत नाहीत यामागे पैशाचेही कारण असते आणि त्यावर कोणी बोलत नाही. इन्सेंटिव्ह नगावर असेल तर शिकवण्यात गेलेला तास कोणाच्या खिशातून जातो? ज्या शिफ्टला शिकवायचे आहे त्या शिफ्टचे टार्गेट लेखी कमी करा, आणि शिकवलेला माणूस एकट्याने काम करू लागला की त्याचे श्रेय शिकवणाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात धरा. त्यात शिकाऊ उमेदवार वर्षभरात निघून जातो, मग याला का शिकवायचे, हा सेटरचा प्रश्नही रास्त आहे. शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनेला अडीच ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. म्हणजे ही ये-जा चालूच राहणार. म्हणून शिकाऊंना पूर्ण सेटिंगऐवजी आठवड्यात जमतील अशी तुकड्यातली कामे द्यावीत : इन्सर्ट (टूलचे कापणारे टोक) बदलणे, ऑफसेट टाकणे, सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ जबडे) बोअर करणे.

कोणाला काय येते याचा तक्ता भिंतीवर लावावा. उभ्यात कामे, आडव्यात नावे, प्रत्येक घरात एक वर्तुळ. पाव भरलेले म्हणजे पाहतो आहे, अर्धे म्हणजे मदतीने करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. एखाद्या ओळीत पूर्ण वर्तुळ एकच असेल आणि तो माणूस दोन वर्षांत निवृत्त होणार असेल, तर काम आजच सुरू करायचे. निरोप समारंभाच्या महिन्यात शाल-श्रीफळाबरोबर ज्ञान काढून घेता येत नाही.

आता तरुण सुपरवायझरची अडचण. तो ‘काका’, ‘मामा’ म्हणतो, ते म्हणावेच. पण नात्याच्या भिडेने सूचना मोघम होते : ‘काका, जरा बघा ना.’ काय, किती, कधीपर्यंत, हे आदराच्या भाषेतही नेमके सांगता येते : ‘काका, ऑफसेट बदललात की लॉगशीटवर वेळ आणि आकडा लिहा, मी अकराला येऊन बघतो.’ आणि अकराला जायचे. वयस्कर सुपरवायझरची खोड उलटी : पोराला सगळ्यांसमोर झापायचे, नाही तर रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रिजेक्शनचा फोटो टाकायचा. चूक त्याच शिफ्टमध्ये, बाजूला घेऊन, घडले ते आधी विचारून सांगावी. ग्रुप फक्त वेळापत्रकापुरता ठेवावा. शिफ्ट बदलताना दोघे ऑपरेटर १० मिनिटे मशीनपाशी एकत्र असतील असे पाहावे. कोणता टूल बदलला, ऑफसेट किती हलवला, कोणते जॉब बाजूला ठेवले, एवढे समोरासमोर बोलले तरी दुसऱ्या शिफ्टची निम्मी भांडणे मिटतात.

बढतीआधी एक परीक्षा घ्यावी. सुपरवायझर रजेवर असताना त्या माणसाला तीन-चार वेळा हंगामी जबाबदारी द्यावी आणि एका नवख्याला एक काम शिकवायला सांगावे. हे न जमणाऱ्या उत्तम सेटरला वेतनवाढ देऊन सेटरच राहू द्यावे. नाही तर चांगला सेटर जातो आणि वाईट सुपरवायझर मिळतो.

मोठ्या कंपन्या हे आपल्या खर्चाने करू शकतात. वीस-तीस माणसांच्या वर्कशॉपला ते परवडत नाही. औद्योगिक वसाहतींतील संघटनांनी जवळच्या आयटीआयमध्ये पहिली शिफ्ट सुटल्यावर असा १० तासांचा वर्ग मराठीतून चालवावा, प्रत्येक वर्कशॉपने एक माणूस पाठवावा आणि त्या पाच दिवसांचा त्याचा पगार कापू नये.

— एक वाचक, भोसरी, पुणे