त्या फॉर्मवर सही करू नकोस

सांगली,
११ जानेवारी २०२६

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतली नोकरी गेली म्हणून काल फोनवर तू रडत होतीस, त्यामुळे मी कायद्याचं काहीच बोलले नाही. रात्री तू पाठवलेले सगळे कागद वाचून काढले. आज रविवार, कोर्ट बंद, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. फोनवर बोललेलं उडून जातं. हे जपून ठेव आणि दोनदा वाच.

आधी त्या कन्सल्टन्सीचं. त्यांनी तुझ्या नावाने बनवलेल्या बायोडेटात २०१८ ते २०२१ तू पुण्याच्या एका कंपनीत डेव्हलपर होतीस असं लिहिलंय. त्या वर्षांत तू वालचंदला शिकत होतीस, फीच्या पावत्या अजून माझ्या कपाटात आहेत. काम नाही, पगार नाही, नुसतं 'पेरोलवर दाखवू', म्हणजे तिथे तुला मोजून दिलेले बेकारीचे दिवस मोजायचे थांबतील, आणि वर त्याचे पैसे तूच द्यायचेस. सोबतचा आय-९८३ हा फॉर्म मी ओळ न ओळ वाचला. त्यात तू कोणाच्या हाताखाली, काय काम शिकणार, आठवड्याला किती तास, पगार किती, हे सगळं भरायचं आहे, आणि सहीच्या वर छापलंय की यातली माहिती खरी आहे, खोटी निघाली तर खोट्या शपथेची शिक्षा. सही कन्सल्टन्सीच्या माणसाची एकट्याची नाही, तुझीही आहे. ती करू नकोस.

'सगळेच करतात' असं तो म्हणाला ना? मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ आठव. २०१९ मध्ये उघड झालं की ते अमेरिकी सरकारच्या तपास यंत्रणेनेच उभं केलेलं बनावट विद्यापीठ होतं. वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. नुसतं नाव घालून अमेरिकेत राहता येईल, काम करता येईल, म्हणून गेलेल्या अडीचशेच्या आसपास मुलांना अटक झाली, त्यात बहुतेक आपलीच भारतीय मुलं. तीही कोणाच्या तरी सांगण्यावरूनच गेली होती.

इथे कायद्याचा एक मोठा फरक आहे. परवानगीपेक्षा जास्त राहिलं तर १९९६ च्या कायद्याने शिक्षा ठरलेली आहे: बेकायदा वास्तव्य १८० दिवसांच्या वर गेलं तर देशात पुन्हा यायला तीन वर्षं बंदी, वर्षभर किंवा जास्त झालं तर दहा वर्षं. वाईटच, पण तिला शेवट आहे. व्हिसा किंवा स्टेटस, म्हणजे तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, मिळवण्यासाठी महत्त्वाच्या बाबतीत खोटं सांगितल्याचं ठरलं, तर मात्र बंदी जन्मभराची. त्यातून सूट मिळते ती फार थोड्यांना. नोकरी गेली हे तुझं दुर्दैव आहे, सायू, गुन्हा नाही. तो फॉर्म गेला की गोष्ट बदलते.

आता तुझी खरी बाजू. पासपोर्टवरच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसाची मुदत गेल्या वर्षी संपली, याची काळजी तू करतेस ती अनाठायी आहे. तो शिक्का देशात शिरण्यापुरता. आत राहण्याचा आधार म्हणजे आय-९४ ही प्रवेशाची नोंद, आणि तुझ्या आय-९४ वर तारीख नाही, 'डी/एस' आहे, म्हणजे विद्यार्थी म्हणून नियम पाळतेस तोपर्यंत. त्या नियमांत तुला आज नडणारा एकच: पहिल्या वर्षाच्या ओपीटीत, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीत, ९० दिवस आणि विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वाढवून मिळणाऱ्या स्टेमच्या २४ महिन्यांसाठी आणखी ६०, असे सगळे मिळून १५० दिवस बेकारीचे चालतात. २०२३ मध्ये पहिली नोकरी लागेपर्यंत गेलेले दिवसही त्यात धर. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी बघणाऱ्या डीएसओ बाईंकडून आकडा लेखी घे. पण त्या बाई कितीही चांगल्या असल्या तरी त्या तुझ्या वकील नाहीत. तुझी माहिती सरकारी नोंदीत कळवणं हेच त्यांचं काम. त्यांना खरं तेच सांग, पण सल्ला त्यांच्याकडे मागू नकोस.

राहिलेल्या दिवसांत मी सगळा जोर विद्यापीठांवर लावला असता. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था आणि ना-नफा किंवा सरकारी संशोधन संस्था, यांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वर्षाला ६५,००० आणि २०,००० च्या मर्यादा लागूच नाहीत. म्हणून नावं काढायची लॉटरी नाही, तिच्यासाठी मार्चची वाट पाहणं नाही, वर्षात कधीही अर्ज करता येतो. पगार कमी असेल, असू दे. विद्यापीठाच्या रुग्णालयांना, प्रयोगशाळांना डेटा सांभाळणारी माणसं लागतात आणि तुझा थिसिस त्याच विषयावर होता. रोज पन्नास आयटी कंपन्यांना अर्ज टाकतेस, त्यातले निम्मे इकडे वळव.

दुसरी वाट, ई-व्हेरिफाय (कामाची परवानगी तपासायची सरकारी यंत्रणा) असलेली साधी, खरी कंपनी. आठवड्याला किमान वीस तास आणि पगारी काम हवं. स्टेमच्या काळात फुकट काम चालत नाही. लागलीस की दहा दिवसांच्या आत कळवायचं आणि नवा आय-९८३ द्यायचा. अशी कंपनी मार्चमध्ये तुझं नाव लॉटरीत घालू शकेल. या वर्षापासून निवड पगाराच्या पातळीवर तोलली जाणार आहे: सगळ्यात वरच्या, चौथ्या पातळीचं नाव चारदा, पहिल्या पातळीचं एकदाच. त्यामुळे पगार ठरवताना घाबरून कमी आकडा सांगू नकोस.

नाव निघालं तर जूनमध्ये स्टेम संपायच्या आत, तिथे राहूनच स्टेटस बदलायचा अर्ज जायला हवा. तसा गेला तर एच-१बी सुरू होईपर्यंतची, म्हणजे ऑक्टोबरपर्यंतची पोकळी कायद्यानेच भरली जाते आणि तू काम करत राहू शकतेस. सप्टेंबरमध्ये आलेली एच-१बीची एक लाख डॉलरची फीही देशात राहून स्टेटस बदलणाऱ्यांना लागत नाही. पण अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पडलीस तर तो स्टेटस-बदल सोडून दिल्यासारखा धरतात, आणि मग ती फी गळ्यात पडू शकते. शिवाय मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत डिसेंबरमधल्या एच-१बीच्या मुलाखती कशा पुढे ढकलल्या गेल्या, ते तू वाचलंच आहेस. म्हणून आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला मे महिन्यात येऊ नकोस. हे लिहिताना मला काय वाटतंय ते तुला सांगायला नको. आजीला मी समजावते.

ग्रीन कार्डच्या आशेवर आज काहीच ठरवू नकोस. नोकरीवरची वर्षाला सुमारे १,४०,००० कार्डं आणि एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आपल्या लोकांची ईबी-२ ची, म्हणजे उच्चशिक्षितांच्या गटाची रांग अजून २०१३ सालच्या अर्जांवर आहे. मावशीने सुचवलेल्या ग्रीन कार्डवाल्या स्थळाबद्दल एवढंच: मुलगा आवडला तर जरूर भेट, कागदासाठी मात्र लग्न करायचं नाही. तसं केल्याचं ठरलं तर पुढचे सगळे कौटुंबिक आणि नोकरीचे अर्ज कायमचे अडतात.

आणि परत येणं. तेही मानाने घेता येण्यासारखं आहे. पुण्यात ज्यांची कार्यालयं आहेत अशा अमेरिकी कंपनीत वर्षभर काम केलंस, तर व्यवस्थापक म्हणून किंवा त्या कंपनीच्या कामातली खास जाणकार म्हणून एल-१ या कंपनीतल्या बदलीच्या व्हिसावर जाता येतं, लॉटरीशिवाय. रेकॉर्ड स्वच्छ असेल तर.

सखाराम गणेश पंडितांचा खटला मी परवा पुन्हा वाचला. १९१४ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळालं, पुढे ते तिथेच वकिली करू लागले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं की भारतीयांना नागरिकत्व घेता येत नाही, आणि सरकार आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला निघालं. पंडित लढले. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आधार आम्ही दिवाणी वकील रोज वापरतो तोच, प्राङ्न्यायाचा (रेस ज्युडिकाटा): हा मुद्दा १९१४ मध्येच न्यायालयासमोर निघून निकाली झाला होता, सरकारने तेव्हा अपील केलं नव्हतं. त्यांनी तेव्हा आपला वंश, आपला देश, काही लपवलं असतं तर हा बचाव उरला नसता. तिथले नियम त्या वेळीही वाऱ्यासारखे बदलत होते, आजही बदलतात. तुझ्या हातात आहे ते तुझं खरं रेकॉर्ड, आणि त्याला मी कोणाला हात लावू देणार नाही.

मी सांगलीची दिवाणी वकील, तिथला सल्ला देण्याचा अधिकार मला नाही. या आठवड्यात इमिग्रेशनचा वकील गाठ. कायदा केंद्राचा असल्याने कुठल्याही राज्याची सनद चालते, पण त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर नाव आणि शिस्तभंगाच्या नोंदी तपास. कंपनीचा वकील आधी कंपनीचं हित बघतो, म्हणून हा वकील तुझा स्वतःचा हवा. फी लेखी ठरव, पैसे मी पाठवते. जाताना विद्यापीठाने दिलेले सगळे आय-२०, ताजं आय-९४, कामाच्या परवानगीचं ईएडी कार्ड, आणि आधीच्या कंपनीच्या पगाराच्या स्लिपा ने. कन्सल्टन्सीचे ईमेलही दाखव, पुसू नकोस. पासपोर्टची मुदतही वर्षभरात संपते आहे, ह्यूस्टनच्या आपल्या वकिलातीकडे आत्ताच अर्ज टाक.

वकिलाची वेळ ठरली की कळव. तुझ्याकडे दुपारचे दोन म्हणजे इथे मध्यरात्रीनंतरचे दीड, तरी मी फोनवर असेन. बाबांचे आशीर्वाद. ते कालपासून काही बोललेले नाहीत, आज त्यांनाही एक फोन कर.

तुझी,
आई