खलाशांचे जुने करारनामे रद्दीत जाऊ देऊ नका

प्रति,
माननीय मंत्री,
बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

ब्रिटिश अमदानीत मुंबई बंदरातून विलायती जहाजांवर चढलेल्या खलाशांची जी कागदपत्रे आपल्या खात्याच्या ताब्यात आज उरली आहेत, त्यांची यादी जाहीर करावी आणि ती पूर्ण होईपर्यंत एकही गठ्ठा निकाली काढू नये, ही आमची मागणी आहे. करारनामे, सीडीसीच्या (खलाशाच्या नोकरीची नोंद ठेवणाऱ्या प्रमाणपत्राच्या) नोंदवह्या, जहाजांच्या अधिकृत लॉगबुकांच्या प्रती, मृत खलाशांच्या पगाराचे आणि सामानाचे हिशेब, असे हे कागद आहेत.

घाईचे कारण कायद्यातच आहे. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याच्या कलम 8 प्रमाणे 1892 पूर्वीच्या अभिलेखांना खास संरक्षण मिळते. त्यानंतरचे कागद ठरलेली पद्धत पाळून नष्ट करता येतात. मुंबईहून आगबोटींवर माणसे सर्वाधिक संख्येने गेली तो काळ 1892 नंतरचा आहे. म्हणजे दोन्ही महायुद्धांतले करारनामे जुने असूनही कायद्याच्या लेखी पुरेसे जुने नाहीत. ‘दुबार नोंद’ किंवा ‘प्रशासकीय उपयोग नाही’ असा शेरा पडला की विषय संपतो. असा शेरा मारणाऱ्याला त्या कागदात काय आहे हे ठाऊक असेलच असे नाही, म्हणून ते इथे लिहितो.

करारनामा म्हणजे घडी घातलेला मोठा ताव. त्यावर जहाजाचे नाव, नोंदणीचे बंदर, सफरीची मुदत आणि हद्द, शिध्याचे प्रमाण, आणि खाली एकेका माणसाची ओळ: नाव, गाव, हुद्दा, पगार, सही किंवा अंगठा. डेकवर सारंग (टोळीचा मुकादम), टंडेल (त्याच्या हाताखालचा), कसाब (कोठार सांभाळणारा), सुकाणी, खलासी. खाली बॉयलरपाशी आगवाले, तेलवाले आणि कोळसा ओढणारे. सलूनमध्ये बटलर, भंडारी आणि त्यांचे मदतनीस. मुंबईच्या जहाजांवर डेकची माणसे बरीचशी रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरची, इंजिनातली पंजाब आणि सरहद्दीकडची, सलूनमधली गोव्याची. बंदरावर माणूस कसा वागवला गेला याचे मोजमाप या तावावर होते.

जागेचेच घ्या. 1894 च्या ब्रिटिश कायद्याने खलाशाला राहण्यासाठी किमान 72 घनफूट जागा ठरवली आणि 1906 मध्ये ती 120 घनफूट केली. हिंदुस्थानात करार झालेल्या लस्कर खलाशासाठी हिशेब वेगळा होता: 36 घनफूट. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच, एवढ्यात माणूस, त्याची पेटी आणि ओले कपडे. जहाज तेच, समुद्र तोच. वाचलेली जागा मालाला आणि प्रवाशांना मिळे. पगाराचेही तसेच: लस्कराला युरोपीय खलाशाच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाइतकी रक्कम मिळे.

सफरीच्या हद्दीचे कलम वरवर दयेचे दिसते. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 38 अंश उत्तर अक्षांशाच्या वर लस्करांना नेऊ नये, असा नियम होता. कारण थंडीचे दिले जाई. पण न्यूयॉर्क 40 अंशांच्या वर आहे, म्हणजे तिकडच्या हिवाळी सफरी आपोआप गोऱ्या खलाशांसाठी राखल्या जात, आणि त्यांच्या संघटनांना तेच हवे होते. शिध्याच्या रकान्यात तांदूळ, डाळ, तूप, सुकी मासळी दिसते. लॉगबुकात त्याच सफरीवरच्या आजाराची नोंद असते. सडीक पांढऱ्या तांदळावर महिनोन् महिने काढले की ब-1 जीवनसत्त्वाची कमतरता होते, पाय सुजतात, चालवत नाही. तो बेरीबेरी. दोन्ही कागद शेजारी ठेवले तरच कारण आणि परिणाम एकत्र दिसतात, म्हणून लॉगबुके ‘फक्त जहाजाची’ समजून वेगळी काढू नयेत.

भरतीची कथाही याच ओळींत आहे. सारंग आपल्या गावची, नात्यातली माणसे घेऊन येई. त्याला जहाज मिळावे म्हणून तो दलालाला पैसे देई आणि ते माणसांकडून वसूल करी. जहाजाची वाट पाहत मुंबईत काढलेल्या महिन्यांचे कर्ज आगाऊ पगारातून फिटे, आणि माणूस बंदर सोडण्याआधीच रिकाम्या हाताचा होई. गोव्याच्या तारवट्यांना, म्हणजे खलाशांना, गावागावांनी मुंबईत चालवलेल्या कुडांचा (सामायिक वसतिगृहांचा) आधार होता, इतरांना तितकाही नव्हता. 1922 मध्ये भरतीची चौकशी करणाऱ्या समितीने दलालपद्धत मोडण्याची शिफारस केली. ती मुंबईत प्रत्यक्षात किती मोडली हे कळायला एकाच सारंगाच्या लागोपाठच्या करारनाम्यांवर तीच नावे, तीच गावे येतात का, हे पाहावे लागेल. दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

परक्या बंदरावर तर कायदाच विरोधात होता. 1823 च्या कायद्याने लस्करांना ब्रिटिश खलाशी मानायचे नाही, असे ठरवले. लंडनच्या लाइमहाउस भागात त्यांच्यासाठी आसरागृह उघडले ते 1857 मध्ये, आणि तेही धर्मादाय. मुंबईत युरोपीय खलाशांसाठी रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमची देखणी दगडी इमारत 1876 मध्ये तयार झाली. आज तिथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. मशीद बंदरचे इंडियन सेलर्स होम उघडायला 1931 साल उजाडले. मधली पंचावन्न वर्षे आमची माणसे कुठे निजली, याचे उत्तर कोणत्याही इमारतीवर कोरलेले नाही. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनच्या बंदरांत लस्करांनी पगारवाढीसाठी काम थांबवले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना तुरुंगात टाकले गेले.

मशीद बंदरच्या याच इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे सहा हजार व्यापारी खलाशांची नावे असलेल्या स्मृतिग्रंथाची एक प्रत मुंबईत, दुसरी चितगावला आहे. एवढी माणसे गेली, आणि कोकणातल्या कितीतरी घरांना आपला पणजोबा कोणत्या जहाजावर होता हे आजही माहीत नाही. नुसत्या नावावरून शोध लागत नाही, कारण एकाच खाडीकाठच्या गावांत एकाच नावाची अनेक माणसे सापडतात. वडिलांचे नाव, गाव आणि सीडीसी क्रमांक हे तिन्ही जुळवावे लागतात, आणि ते मूळ कागदांतच मिळतील.

आता काम कसे करावे. पहिली पायरी यादीची, स्कॅनिंगची नव्हे. गठ्ठा जिथे आहे तिथेच, मूळ क्रम न मोडता, वर्ष आणि प्रकार लिहावा. वर्षांप्रमाणे ‘नीट लावायला’ गेले की एका जहाजाचे कागद विखुरतात. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नयेत, कागद फाटतो. घड्यांवर चिकटपट्टी लावू नये आणि जुन्या पद्धतीचे प्लास्टिक लॅमिनेशन तर अजिबात नको; फाटलेली घडी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने जोडता येते. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते आणि बुरशी धरते, म्हणून खोलीत ती 50 टक्क्यांच्या आसपास ठेवणारे यंत्र रात्रंदिवस चालू हवे. कचेरीच्या वेळेत एसी आणि रात्री बंद, हे सर्वांत वाईट.

स्कॅन किमान 300 डीपीआयचे, रंगीत असावेत, कारण फिकट शाई आणि अंगठ्याचे ठसे कृष्णधवल प्रतीत उडून जातात. कोऱ्या वाटणाऱ्या मागच्या बाजूही घ्याव्यात. शेरे तिथेच असतात.

सूचीत जहाजाच्या नावासोबत त्याचा अधिकृत क्रमांक द्यावा, कारण नाव बदलले तरी ब्रिटिश नोंदणीचा क्रमांक बदलत नसे. कारकुनाने इंग्रजीत जसे ऐकले तसे लिहिलेले नाव तसेच ठेवून शेजारी देवनागरीत संभाव्य रूप लिहावे, मूळ ‘सुधारू’ नये. गावांबाबत विशेष काळजी हवी: तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग होता, सावंतवाडी वेगळे संस्थान, श्रीवर्धन आणि मुरूड जंजिरा संस्थानात, तर गोवेकर पोर्तुगीज प्रजा. हे ठाऊक नसलेल्या कंत्राटदाराला टंकलेखनाच्या दराने काम दिले, तर सूची निरुपयोगी होईल. कोकणी, मराठी आणि जुनी इंग्रजी लिखावट वाचणारी माणसे रत्नागिरी, रायगड आणि गोव्याच्या महाविद्यालयांतून मिळू शकतील.

लोथलला आपले मंत्रालय राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभारत आहे. तिथे जहाजांच्या प्रतिकृती असतीलच. जहाज चालवणाऱ्यांचे कागद मात्र मुंबईतच राहावेत आणि वारसांना विनाशुल्क, माहिती अधिकाराचा अर्ज न करता पाहता यावेत. कागदपत्रे निकाली काढण्यास स्थगिती देणारे परिपत्रक शिपिंग महासंचालनालयाने या महिन्यातच काढावे, आणि संबंधित कार्यालयांच्या अभिलेख अधिकाऱ्यांची नावे त्यातच जाहीर करावीत.

आपले,
ब्रिटिशकालीन खलाशांच्या कागदपत्रांचे अभ्यासक