आधी विमानाचं

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास त्याला चार दिवस झाले. "तुला विमानाचं विचारलं की तू बॅटरीवरच येतेस," म्हणालीस. खोटं नाही. म्हणून या पत्रात फक्त विमान. रिमोटवर उडणाऱ्या विमानांच्या दोन किटचे फोटो पाठवून कुठलं घेऊ विचारलं होतंस, तेवढ्याचंच उत्तर देते.

ते लढाऊ विमानासारखं नको. देखणं आहे, मान्य. पण त्याचे पंख पोटाखालून, आखूड आणि सपाट. एकदा कलंडलं की तू सरळ करेपर्यंत तसंच राहणार. दुसऱ्याचे पंख वर आहेत आणि टोकांकडे किंचित उचललेले. ते वाऱ्याने कललं तर स्टिक सोडून द्यायची, बरंचसं आपलं आपण सावरतं. वजनाच्या मानाने पंख मोठे, त्यामुळे हळू उडतं. तुझ्याकडे तोंड करून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं, तेव्हा तो जादा अर्धा सेकंद लागतोच, भल्याभल्यांना लागतो. आणि फोमचं म्हणून नाक मुरडू नकोस. बाल्साच्या हलक्या लाकडाचं आदळलं की आठवडाभर चिकटवत बसायचं. फोमचं मैदानातच जोडून पुन्हा उडवायचं. गोंद मात्र बघून घे. साधा झटपट गोंद थर्माकोलसारख्या फोमला खाऊन टाकतो. हे तुला मी काय सांगणार? चिनूच्या विमानाच्या शेपटीला भोक पाडलं होतंस ते कोणी!

आता सुधारणा. तुझ्या यादीत पहिली ओळ मोठ्या मोटरची आहे. माझ्या यादीत ती बहुधा येतच नाही. किट जोडल्यावर आधी सर्वोच्या, म्हणजे शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या, काड्या हलवून बघ. भोकं ढिली असतात, सर्वो जागेवर असूनही शेपटीची फळी दोन-तीन मिलिमीटर डुलते, आणि मग आपण म्हणतो विमान सरळ जात नाही. पंखाच्या खालून कार्बनची पट्टी बसव, पुढच्या कडेला टेप. प्रोपेलर सुईवर तोलून बघ. हलक्या पात्याच्या पाठीला टेपचा तुकडा लावला तरी थरथर कमी होते. आणि सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे बसतो ती जागा. पंखाची पुढून मागे रुंदी १६० मिलिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून ४० मिलिमीटरवर, दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून विमान उचल. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल, शेपूट झुकता कामा नये. बॅटरी आत ठेवूनच तोलायचं. हे वजनासाठी म्हणतेय गं.

मामाचं आणि माझं पहिलं विमान शेपटीकडे जड होतं. हातातून सुटलं, नाक वर करत गेलं, हवेत क्षणभर उभं राहिलं आणि दगडासारखं खाली. आजोबा लांबून बघत होते. काही बोलले नाहीत, तुकडे गोळा करायला खोका घेऊन आले. तो खोका अजून माळ्यावर आहे. तेव्हा निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत, जड आणि मठ्ठ. तुमच्या लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमरच्या, हलक्या नि ताकदवान, पण त्यांना चूक सोसत नाही.

आले का मी परत तिथेच. आलेच आहे तर बोलून टाकते.

जुन्या विमानाचा ८×४ प्रोपेलर काढून ९×६ लावलास आणि "आई, कसलं वर चढतं!" म्हणालीस. चढणारच. व्यास एक इंच वाढला आणि पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकायचं अंतर, दोन इंच. तेवढ्याच फेऱ्यांनी फिरवायचं तर दुपटीहून जास्त ताकद लागते. फेऱ्या थोड्या उतरतात, पण करंट चढतोच, आणि तो त्या तीन सेलच्या १३०० मिलिअँपिअर-तासाच्या छोट्या बॅटरीतूनच येतो. लेबलवर २० सी, म्हणजे क्षमतेच्या वीसपट, हिशेबाने २६ अँपिअर. लेबलं फुशारकी मारतात. करंट मोजायला वॉटमीटर दिला होता तो लावलास का एकदा तरी? विमान घट्ट धरून, स्वतः प्रोपेलरच्या मागे राहून? तुझी बॅटरी का फुगली याचं उत्तर बहुतेक त्यातच आहे. आणि तू फोटोखाली लिहितेस, "थोडी फुगलीय, पण चालतेय."

फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही. टोचून हवा काढायची नाही, दाबायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. चांगल्या बॅटरीलासुद्धा १.३ अँपिअरच्या वर चार्ज नको, सगळे सेल सारखे भरणारी बॅलन्सची वायर लावल्याशिवाय नको, आणि झोपताना तर नाहीच नाही. उडवायचं नसेल तेव्हा सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेव. मामाचा उजवा हात तू लहानपणी बघत बसायचीस आणि मी तुला दुसरीकडे न्यायचे. तो त्या रात्री फक्त दहा मिनिटं खोलीबाहेर गेला होता.

चुकलं माझं. पत्राचा फळा झाला. तू काही लहान नाहीस. अकराव्या वर्षी तू ईएससीच्या, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या, वायरींना सोल्डर केलंस तेव्हा मी श्वास रोखून उभी होते, आणि जोड माझ्यापेक्षा स्वच्छ निघाला होता. मागच्या आठवड्याचा लँडिंगचा व्हिडिओ बाबांनी किती वेळा पाहिला विचारू नकोस. मोटर बंद, आडवा वारा, तरी कसं अलगद टेकवलंस! मला ते कधीच जमलं नाही. मामाला पाठवला तर म्हणाला, "हिला आता तू काही शिकवू नकोस." बघ, ऐकते का मी!

वर पंखवालंच घे. दोन महिन्यांनी ते लढाऊ घेतलंस तर माझी ना नाही, उलट जोडायला मी येईन. सर्वो बसवायचं काम मात्र माझं.

तुझी,
आई

ता. क. ती फुगलेली बॅटरी आत्ता खोलीत कुठे आहे? पलंगाखाली असेल तर वाचणं थांबव, ती बाहेर वाळूच्या बादलीत नेऊन ठेव आणि मग मला फोन कर. रागातच कर हवं तर.